लाल गोळीतलं दुसरं औषध

वर्धा जिल्ह्यातल्या समुद्रपूर तालुक्यात, जामच्या चौरस्त्यापासून गिरडच्या टेकडीपर्यंत, ज्या घरात गरोदर बाई आहे त्या घरात लाल गोळ्यांची पाकिटं सापडतातच. आशाताई आणून देतात. सगळे तिला रक्तवाढीची गोळी म्हणतात आणि लोहाची गोळी म्हणून ओळखतात. त्या गोळीत ६० मिलिग्रॅम लोह असतं हे खरंच, पण त्याच्यासोबत ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिडही असतं. वजनात ते लोहाच्या शंभराव्या हिश्श्याहूनही कमी भरतं. या इवल्या हिश्श्याचा शोध मुंबईच्या गिरणगावात सुरू झाला आणि पुढे तो मनोरुग्णांच्या वॉर्डापर्यंत जाऊन पोचला. उदास, खचलेल्या माणसाला फोलेटने, म्हणजे फॉलिक ॲसिड ज्याचं एक रूप आहे त्या जीवनसत्त्वाने, उभारी येते का? नैराश्याच्या गोळीसोबत दिलं तर येते, की नुसत्या फोलेटनेही येते? गेली साठ वर्षं डॉक्टर या प्रश्नाशी झगडत आहेत.

वर्धा जिल्ह्याला हा प्रश्न परका नाही. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे २००६ साली पंतप्रधानांनी विदर्भातल्या ज्या सहा जिल्ह्यांसाठी पॅकेज जाहीर केलं, त्यात वर्धा होता. इथे दवाखान्यात आलेला माणूस 'मला नैराश्य आहे' असं म्हणत नाही. झोप लागत नाही, भूक मेली, अंगात जीव नाही, कामात मन लागत नाही, असं सांगतो. कर्ज, पडलेला भाव, बुडालेलं पीक यांवर जीवनसत्त्वाची गोळी हा उतारा नाही, हे आधीच स्पष्ट सांगायला हवं. पण झोप, भूक, थकवा आणि मन यांचा रक्तातल्या एखाद्या उणिवेशी संबंध असू शकतो, हे कळायला डॉक्टरांना फार वर्षं लागली, आणि त्या कळण्याची सुरुवात आपल्याच राज्यातल्या गरीब बायांपासून झाली.

१९२८ सालची मुंबई. एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत गिरण्यांचा भोंगा जवळजवळ बंद होता आणि सुमारे दीड लाख कामगार संपावर होते. आमच्या हिंगणघाटच्या कापसाचं एकोणिसाव्या शतकात ज्या बाजारात नाव होतं, त्याच मुंबईच्या गिरण्यांत कोकणातून आणि घाटावरून आलेल्या बाया वाइंडिंग आणि रीलिंग खात्यांत उभ्या असत. दिवस भरत आले तरी त्या कामावर जात, कारण खाडा म्हणजे पगार नाही. त्याच वर्षीच्या जुलैत मुंबई विधिमंडळात बाळंतपणाच्या काळात भत्ता देण्याच्या विधेयकावर चर्चा झाली आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याच्या बाजूने भाषण केलं. १९२९ मध्ये तो कायदा झाला. देशातला तो पहिलाच.

१९२८ सालीच लूसी विल्स मुंबईत आल्या. १८८८ मध्ये बर्मिंगहॅमजवळ जन्मलेल्या या बाई केंब्रिजला वनस्पतिशास्त्र आणि भूशास्त्र शिकल्या, पहिल्या महायुद्धाच्या सुरुवातीला दक्षिण आफ्रिकेत शुश्रूषेचं काम केलं आणि मग लंडनला परतून १९२० मध्ये डॉक्टर झाल्या. भारतात बाळंतिणी का मरतात याची मोठी चौकशी तेव्हा चालू होती. डॉ. मार्गारेट बॅल्फर यांनी त्यासाठी विल्सना बोलावून घेतलं. कामाची जागा होती परळची हाफकिन संस्था, म्हणजे गव्हर्नरांचा जुना बंगला. आसपास सगळ्या गिरण्या आणि चाळी.

विल्स यांच्यापुढचा आजार भयंकर होता. गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत बाई पांढरीफटक पडायची, धाप लागायची, जीभ सोलवटल्यासारखी व्हायची, अन्नाकडे बघवत नसे. सूक्ष्मदर्शकाखाली रक्ताचा थेंब पाहिला की तांबड्या पेशी मोजक्याच दिसत, आणि त्या नेहमीपेक्षा मोठ्या, फुगलेल्या असत. लोहाच्या कमतरतेत पेशी लहान होतात, इथे नेमकं उलटं होतं. लोह देऊन काही उपयोग होत नसे. कितीतरी बाया बाळंतपणाआधी नाहीतर बाळंतपणातच जात.

आधी त्यांनी जंतू शोधले, आतड्यात काही सापडतं का ते पाहिलं, आणि हाती काही लागलं नाही. मग त्यांनी चौकशी सुरू केली ती स्वयंपाकघराची. सहकारी तळपदे यांच्या सोबतीने त्यांनी मुंबईतल्या निरनिराळ्या थरांतल्या बायांच्या आहाराची पाहणी केली. कोण काय खातं, भाजी किती, फळ किती, दूध मिळतं का, याची नोंद केली. १९३० मध्ये ती प्रसिद्ध झाली. हा आजार सगळ्यात जास्त होता गरीब मुसलमान बायांत, ज्यांच्या ताटात भाजी आणि फळ नावालाच होतं. त्याच शहरातल्या खात्यापित्या घरांत तो क्वचित दिसे. या पाहणीचं मोल मला कुठल्याही प्रयोगाहून कमी वाटत नाही. औषध काय द्यायचं हे माहीत नसताना विल्स यांनी बाईच्या ताटात काय नाही हे आधी पाहिलं, आणि पुढचा सगळा शोध त्या एका पाहण्यावर उभा राहिला.

प्रयोगांची वाट मात्र सरळ नव्हती. १९२९ च्या उन्हाळ्यात विल्स कुन्नूरच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये गेल्या. रॉबर्ट मॅकॅरिसन तिथे आहारावर संशोधन करत होते. मुंबईच्या गरीब बायांसारखं अन्न गाभण उंदरांना दिलं, उंदीर अशक्त झाले, मेले. यीस्ट दिलं तर वाचले. सगळं जुळलं असं वाटत असतानाच कळलं, की या उंदरांच्या रक्तक्षयामागे उवांमधून पसरणारा बार्टोनेला नावाचा जंतू होता. नव्याने सुरुवात झाली, या वेळी माकडांवर. सहकारी बिलिमोरिया यांच्या सोबतीने माकडांना निकृष्ट आहारावर ठेवलं आणि तोच मोठ्या पेशींचा रक्तक्षय त्यांच्यात दिसू लागला. १९२६ पासून अमेरिकेत एका वेगळ्या घातक रक्तक्षयावर यकृताचा उपचार गाजत होता. म्हणून माकडांना यकृताचा शुद्ध केलेला अर्क दिला. काही झालं नाही. कच्च्या यकृताने मात्र गुण आला, आणि मार्माइटनेही आला.

मार्माइट म्हणजे इंग्लंडात दारूच्या भट्टीतून उरलेल्या यीस्टचा काळा, खारट, दाट अर्क. इंग्रज लोक तो पावाला लावून खातात. किंमत फार नाही. हाच अर्क विल्स यांनी वॉर्डातल्या बायांना द्यायला सुरुवात केली. पहिल्या काही दिवसांतच त्यांची भूक परतली, आणि चौथ्या दिवसाच्या सुमारास रक्तात नव्या पेशी दिसू लागल्या. १९३१ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये हे छापून आलं. यीस्टमध्ये नेमकं काय होतं हे विल्स सांगू शकल्या नाहीत, म्हणून त्या अज्ञात पदार्थाला 'विल्स घटक' हेच नाव मिळालं.

पुढचा इतिहास झपाट्याने घडला. १९४१ मध्ये अमेरिकेतल्या टेक्सासच्या शास्त्रज्ञांनी चार टन पालकातून एक आम्ल वेगळं काढलं आणि त्याला फॉलिक ॲसिड म्हटलं. १९४५ मध्ये न्यूयॉर्कजवळच्या लेडर्ले प्रयोगशाळेत ते कृत्रिमरीत्या तयार झालं. त्या चमूचे प्रमुख होते भीमावरममध्ये जन्मलेले यल्लाप्रगड सुब्बाराव. त्यांचा भाऊ तरुणपणी स्प्रू या आतड्याच्या आजाराने गेला होता, आणि त्या आजारातही फॉलिक ॲसिड गुणकारी ठरलं.

इथेच एक धोकाही समजला, आणि तो महाराष्ट्राच्या दृष्टीने फार महत्त्वाचा आहे. विल्सच्या रोगी बायांसारखेच दिसणारे, पण वेगळ्या कारणाने आजारी असलेले लोक होते, ज्यांना बी-१२ या जीवनसत्त्वाची कमतरता होती. बी-१२ हाती आलं १९४८ मध्ये. त्याआधी काही डॉक्टरांनी या लोकांना फॉलिक ॲसिड दिलं. रक्त सुधारलं, चेहऱ्यावर तेज आलं, पण हातापायांच्या मुंग्या, तोल जाणं, नसांची झीज तशीच राहिली, उलट वाढली. रक्त बरं दिसत असल्यामुळे खरं दुखणं झाकलं गेलं.

मनाशी संबंध जोडायला आणखी काही वर्षं गेली. १९६१ मध्ये बोस्टनचे डॉक्टर व्हिक्टर हर्बर्ट यांनी स्वतःच्याच शरीरावर प्रयोग केला. प्रत्येक पदार्थ तीन-तीनदा उकळून, पाणी फेकून, फोलेट काढून टाकलेलं अन्न ते महिनोन्महिने खात राहिले. चौथ्या महिन्यात त्यांची झोप उडाली. गोष्टी विसरू लागले, चिडचिड वाढली. साडेचार महिन्यांनी अस्थिमज्जेतही विल्स यांना दिसलेला तो मोठ्या पेशींचा रक्तक्षय दिसला. मग त्यांनी फोलेट घेतलं आणि दोन दिवसांत मन ताळ्यावर आलं. एका माणसाचा प्रयोग म्हणजे पुरावा नाही. पण वर्ध्याच्या दवाखान्यात सांगितल्या जाणाऱ्या तक्रारींची ही यादी ओळखीची आहे, आणि ती रक्तक्षय दिसायच्या आधी मनात उमटली हे लक्षात ठेवण्यासारखं.

लंडनमध्ये एडवर्ड रेनॉल्ड्स फेफऱ्याच्या रुग्णांकडे पाहत होते. फेफरं थांबवणारी फेनिटॉइनसारखी औषधं वर्षानुवर्षं घेतली की रक्तातलं फोलेट खाली जातं. १९६७ मध्ये त्यांनी लिहिलं, की अशा रुग्णांना फॉलिक ॲसिड दिल्यावर त्यांचा उत्साह आणि तरतरी वाढली, पण काहींचे झटकेही वाढले. त्याच वर्षी इंग्लंडात कार्नी यांनी ४२३ मनोरुग्णांच्या रक्तातलं फोलेट मोजलं. नैराश्याच्या रुग्णांत ते कमी असण्याचं प्रमाण लक्षणीय होतं.

लगेच शंका आली, आणि ती रास्त होती. खचलेला माणूस जेवत नाही, दोन घास खाऊन ताट सारतो, मग त्याचं फोलेट कमी होणारच. आधी काय आणि नंतर काय? शरीरातली रसायनं एवढं सांगतात, की फोलेटमधून मिळणारा मेथिल गट मेंदूतल्या कितीतरी क्रियांना लागतो. सेरोटोनिन आणि डोपामिन बनतात त्या साखळीतही फोलेटचा हात असतो. म्हणजे दोन्ही बाजूंनी चक्र फिरू शकतं. उपाशीपणामुळे फोलेट कमी, फोलेट कमी म्हणून उदासी जास्त, उदासी म्हणून आणखी उपास.

हे चक्र तोडता येतं का, याची पहिली नेटकी चाचणी १९९० मध्ये लॅन्सेटमध्ये छापून आली. गॉडफ्री आणि सहकाऱ्यांनी १२३ मनोरुग्ण तपासले. त्यांपैकी ४१ जणांच्या तांबड्या पेशींत फोलेट कमी होतं. फक्त या ४१ जणांना, नेहमीच्या औषधांसोबत, सहा महिने रोज १५ मिलिग्रॅम मेथिलफोलेट (फोलेटचंच एक रूप) किंवा तशीच दिसणारी निरुपयोगी गोळी दिली गेली. मेथिलफोलेट घेणारे जास्त सावरले, नुसते लक्षणांत नाही, घरात आणि कामातही. या चाचणीत नैराश्याचे आणि स्किझोफ्रेनियाचे असे दोन्ही रुग्ण होते. मला या अभ्यासाचं कौतुक वाटतं ते त्याच्या पद्धतीचं. त्यांनी लूसी विल्ससारखंच आधी उणीव पाहिली आणि मग औषध दिलं.

२००० मध्ये ॲलेक कॉपेन आणि बेली यांनी १२७ नैराश्यग्रस्तांना फ्लुओक्सेटीनची २० मिलिग्रॅमची गोळी दिली, आणि अर्ध्यांना तिच्यासोबत ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड. आपल्या लाल गोळीत असतं तेवढंच. इथे उणीव असलेले लोक वेगळे काढले नव्हते. दहा आठवड्यांनी बायांमध्ये मोठा फरक दिसला. फॉलिक ॲसिड घेणाऱ्यांपैकी ९४ टक्के जणींना गुण आला, न घेणाऱ्यांपैकी ६१ टक्के जणींना. पुरुषांत मात्र काहीच फरक नव्हता. पुरुषांना कदाचित मोठी मात्रा लागत असेल, असं लेखकांनी सुचवलं. २००३ च्या कॉक्रेन आढाव्यात, म्हणजे चाचण्यांच्या एकत्रित ताळेबंदात, जमेस धरण्याजोग्या चाचण्या तीनच निघाल्या, मिळून २४७ माणसं. नैराश्याच्या औषधाला जोड म्हणून फोलेटचा थोडा उपयोग दिसतो, एवढंच त्यातून म्हणता आलं. औषधाऐवजी नुसतं फोलेट पुरेसं आहे, असं म्हणण्याजोगा आधार तेव्हाही नव्हता आणि नंतरही भक्कम असा उभा राहिला नाही.

मग मोठी परीक्षा झाली. वेल्समध्ये ४७५ रुग्ण, सगळे नैराश्याच्या औषधावर, बारा आठवडे, रोज ५ मिलिग्रॅम फॉलिक ॲसिड. म्हणजे कॉपेनच्या मात्रेच्या दहापट. २०१४ मध्ये निकाल आला आणि काहीही फायदा दिसला नाही. वर्तमानपत्री भाषेत फोलेट नापास झालं. पण त्या चाचणीत कोणाला घेतलं नव्हतं, हे पाहायला हवं. ज्यांच्या रक्तात फोलेट किंवा बी-१२ कमी होतं, त्यांना आधीच वगळलं होतं. त्यामागचा हेतू योग्यच होता, कारण उणीव असलेल्याला खोटी गोळी देऊन बसवणं अन्यायाचं. त्यामुळे वेल्सचा निकाल सांगतो तो एवढाच, की पोट भरलेल्याला आणखी जेवण वाढून भूक भागत नाही. ज्यांच्याकडे खरोखर कमी होतं, त्यांच्याबद्दल तो गप्प आहे.

मेथिलफोलेटच्या बाजूनेही पुरावा आहे. २०१२ मध्ये अमेरिकेत पापाकोस्टास यांनी औषधाला दाद न देणाऱ्या रुग्णांवर दोन चाचण्या केल्या. साडेसात मिलिग्रॅमने काही झालं नाही. १५ मिलिग्रॅम दिलेल्यांपैकी ३२ टक्के सुधारले, खोट्या गोळीवर सुमारे १५ टक्के. ही दुसरी चाचणी ७५ जणांचीच होती. आज औषधांच्या दुकानात एल-मेथिलफोलेटच्या महागड्या कॅप्सूल दिसतात त्यांच्या मागे बरंचसं याच आकड्यांचं बळ आहे. एवढ्याशा आकड्यांवर महिन्याचा खर्च उभा करण्याआधी शेतकरी घराने दहादा विचारावा असं मला वाटतं.

जोडीला दिलेली गोळी नेहमीच निरुपद्रवी असते असंही नाही. २०१५ मध्ये ब्रिटनमध्ये द्विध्रुवी (बायपोलर) आजारातल्या नैराश्यावर लॅमोट्रिजीन या औषधाची चाचणी झाली. त्यात काहींना ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिडही दिलं होतं. लॅमोट्रिजीनचा फायदा दिसला तो फॉलिक ॲसिड न घेणाऱ्यांत. घेणाऱ्यांत तो जणू पुसला गेला. असं होईल, हे कोणीच धरलं नव्हतं.

आता पुण्याकडे. केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या खेड्यांतल्या आया आणि त्यांची मुलं यांचा अभ्यास सुरू केला. २००६ मध्ये त्यांच्या चमूने खेडं, झोपडपट्टी आणि मध्यमवर्गीय वस्ती इथल्या ४४१ मध्यमवयीन पुरुषांचं रक्त तपासून निष्कर्ष छापले. ६७ टक्क्यांच्या रक्तात बी-१२ कमी होतं. फोलेटची उणीव मात्र फारच थोड्यांत. कारण उघड आहे. बी-१२ मिळतं दूध, अंडी, मांस, मासे यांतून, आणि आपलं ताट प्रामुख्याने धान्य आणि डाळींचं. २००८ मध्ये त्यांनी आणखी एक गोष्ट दाखवली. ज्या आयांच्या रक्तात गरोदरपणी फोलेट भरपूर आणि बी-१२ कमी होतं, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षी इन्शुलिनला दाद न देण्याची प्रवृत्ती जास्त होती. म्हणजे मुंबईच्या १९२८ च्या बाईला जे कमी होतं, ते आजच्या मराठी माणसाला बहुधा कमी नाही. आजची उणीव दुसरी आहे. आणि बी-१२ ची उणीवसुद्धा थकवा, विसराळूपणा आणि उदासी घेऊन येते.

समुद्रपूरच्या घरात बसून हा सगळा इतिहास वाचला की स्वयंपाकघराकडे लक्ष जातं. ज्वारीची भाकर, तुरीचं वरण, हरभऱ्याची उसळ, पावसाळ्यात तरोटा, हिवाळ्यात मेथी आणि पालक. या ताटात फोलेट चांगलं आहे. पण भाजी खूप पाण्यात शिजवून ते पाणी ओतून दिलं, की हर्बर्ट यांनी मुद्दाम केलं तेच आपण नकळत करतो. भाजी थोड्या पाण्यात, झाकण ठेवून शिजवावी, पाणी वरणात घालावं. आणि बी-१२ साठी रोज वाटीभर दही किंवा ताक, खात असतील त्यांनी आठवड्यातून काही वेळा अंडी. दूध संघात जाणारं सगळं दूध विकून घरात चहापुरतं ठेवण्याची रीत अनेक गावांत आहे, ती या बाबतीत महाग पडते.

ज्याला महिनाभर झोप नाही, अन्नावर वासना नाही, जगण्यात रस नाही, त्याने आधी दवाखाना गाठावा. समुद्रपूरचं ग्रामीण रुग्णालय आहे, सेवाग्राम आणि सावंगीला मानसोपचार विभाग आहेत, रात्री-बेरात्री १४४१६ या टेलिमानस मदतवाहिनीच्या क्रमांकावर मराठीत बोलता येतं. डॉक्टरांनी नैराश्याची गोळी दिली असेल तर ती फोलेटच्या भरवशावर कधीही बंद करू नये. दुकानातून पाच मिलिग्रॅमची फॉलिक ॲसिडची पट्टी स्वतःहून आणून सुरू करू नये, विशेषतः फेफऱ्याच्या किंवा द्विध्रुवी आजाराच्या औषधांवर असलेल्यांनी. डॉक्टरांना मात्र जरूर विचारावं की रक्तातलं बी-१२ आणि फोलेट बघायचं का. औषध घेऊनही उठता येत नसेल, जेवण महिनोन्महिने तुटलेलं असेल, दारू लागलेली असेल किंवा बाई नुकतीच बाळंत झाली असेल, तर या तपासणीला खूप अर्थ आहे. बी-१२ कमी निघालं तर ते आधी किंवा सोबत द्यायचं, फोलेट कमी निघालं तर तेही भरून काढायचं, आणि नैराश्याचा उपचार दोन्हींच्या बरोबरीने चालू ठेवायचा.